अर्ध्या इंचाचा हिशेब

ली-एनफिल्ड रायफल कधी हातात आलीच, तर तिच्या लाकडी बटची वरची कड, मागच्या पितळी पत्र्याच्या थोडं अलीकडे, अंगठ्याने चाचपून बघा. पुष्कळ बटांवर काही लागत नाही. काहींवर मात्र एक इंग्रजी अक्षर ठोकलेलं असतं: एल, एस किंवा बी. एल म्हणजे लाँग, एस म्हणजे शॉर्ट, बी म्हणजे बँटम. लाँग बट नेहमीच्यापेक्षा अर्धा इंच मोठा, शॉर्ट अर्धा इंच लहान आणि बँटम पूर्ण एक इंच लहान. आपल्याकडे जिला सगळे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात तीच ही रायफल. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती कित्येक दशकं बनली, गावोगावच्या पोलीस ठाण्यांत तिने नोकरी केली, आणि २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत काही शिपायांच्या हातात तीच होती.

बँटम हे लहान चणीच्या कोंबड्यांच्या जातीचं नाव. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पाच फूट तीन इंचांखालच्या माणसाला ब्रिटिश पायदळात घेत नसत. १९१४ मध्ये बर्कनहेडला अशा नाकारलेल्या ठेंगण्या माणसांच्या वेगळ्या पलटणी उभ्या राहिल्या आणि त्यांना लोक याच नावाने ओळखू लागले. माणसं पसंत करताना लष्कराने भेदभाव केला असेल, पण बटच्या मापाबाबत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती: माणूस लहान असेल तर रायफल हलकी करून भागत नाही, आखूड करावी लागते.

खानदेशात रायफल शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांशी बोलताना नेमकी उलटी मागणी ऐकू येते. “आमनी पोर बारकी शे, तिले हलकी बंदूक द्या.” मागणी प्रेमाची असते, आणि बहुतेक वेळा चुकीची. वजनाचा प्रश्न आहेच, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न लांबीचा, आणि तिसरा प्रश्न वजन नेमकं कुठे आहे याचा. हे तीन प्रश्न वेगवेगळे ठेवले की लहान अंगाच्या नेमबाजाला कोणती रायफल द्यायची हे ठरवणं बरंच सोपं होतं.

जळगावच्या १८ महाराष्ट्र बटालियन एनसीसीत किंवा धुळ्याच्या ४८ महाराष्ट्र बटालियनमध्ये फायरिंगच्या दिवशी काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. कॅडेटच्या हातात .२२ ची डिलक्स रायफल येते. एनसीसीच्या पाठात तिची वैशिष्ट्यं घोकून घेतात: लांबी ४३ इंच, वजन ६ पौंड २ औंस. म्हणजे सुमारे १०९ सेंटिमीटर आणि पावणेतीन किलो. दीड मीटर उंचीच्या मुलीसाठी ही रायफल तिच्या स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश झाली. वजन मात्र फार नाही. तांदळाची तीन किलोची पिशवी ती बाजारातून सहज घेऊन येते.

ती पालथी पडते. बट खांद्यात बसवते. आता उजवा हात ट्रिगरपर्यंत न्यायचा, तर कोपर जवळपास सरळ होतं. बोटाचं मधलं पेर सोडाच, टोकच कसंबसं पोचतं. मागच्या साइटमधून बघायला डोळा पुढे हवा, म्हणून ती मान ताणते, आणि मान ताणली की गाल लाकडावरून उचलला जातो. गाल लाकडावर नसेल तर डोळा प्रत्येक गोळीला वेगळ्या उंचीवर असणार. पाच गोळ्यांचा ग्रुप उभा पसरतो. शिवाय बोटाच्या टोकाने ट्रिगर दाबला की दाब सरळ मागे न जाता बाजूला जातो, त्यामुळे एखादी गोळी भलतीकडे जाते ती वेगळीच. उस्ताद मागून ओरडतात, “हिलो मत!” ती हलत नसते. तिच्या अंगात न मावणारं लाकूड तिला हलवत असतं.

याच मुलीला डिसेंबरच्या कॅम्पमध्ये खाकी शर्टावर जर्सी घालून झोपवा. जळगाव-धुळ्याची थंडी वाऱ्याची असते, जर्सी लागतेच. खांद्यावर कापडाचा एक थर वाढला की बट आणखी सेंटिमीटरभर लांब झाल्यासारखा होतो. ऑक्टोबरमध्ये बरा ग्रुप देणारी कॅडेट थंडीत बिघडते तेव्हा दोष थंडीला दिला जातो. खरा दोष लोकरीच्या जाडीचा असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

खानदेशाला बंदूक आणि अंग यांची ही गाठ नवी नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रामने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली, खानदेश भिल्ल कोअर. आउट्राम १८१९ मध्ये हिंदुस्थानात आला तेव्हा सोळा वर्षांचा पोरगा होता. त्या काळात कंपनीच्या फौजांत चालणारी गारेची बंदूक, इंडिया पॅटर्न, जवळपास ५५ इंच लांब असे. म्हणजे १४० सेंटिमीटर, साडेपाच फुटांच्या माणसाच्या थेट खांद्यापर्यंत. ती एकाच मापाची. दुसरीकडे सातपुड्यात भिल्ल-पावरांचा कामठा बांबूचा, त्याची दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची, आणि लहान पोराच्या हातात लहान कामठा. जंगलातल्या माणसाला जे उघड दिसत होतं ते कारखान्याला शिकायला शंभरेक वर्षं लागली.

आजही विसंगती आहेच. भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यात १९६४ पासून काडतुसं बनतात. तिथे काडतुसाच्या मापात केसभर फरक पडला तर माल नापास होतो. ते काडतूस ज्या रायफलीतून सुटतं तिचा बट मात्र कॉन्स्टेबल एकशे पंचावन्न सेंटिमीटरची महिला असो की सहा फुटी गडी, दोघांना तोच. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांना किमान १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस बल गट क्रमांक सहासारख्या गटांसाठी पुरुषांची अट १६८ ची. उंचीची चाळणी इतकी बारकाईने लावणाऱ्या व्यवस्थेने हत्याराचं माप मात्र एकच ठेवावं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता लिव्हरच्या रायफलीकडे वळू. लहान अंग आणि लांब लाकूड यांचं भांडण जितकं स्पष्ट या हत्यारात दिसतं तितकं दुसऱ्या कशात दिसत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात लिव्हर म्हटलं की लोकांना मार्टिनी-हेन्री आठवे: ट्रिगरखालची दांडी खाली ओढायची, कडी उघडते, एक काडतूस घालायचं, दांडी वर. अमेरिकन लिव्हर रायफल निराळी. नळीखाली एक लांब पोकळ नळकांडं, त्यात एकामागे एक काडतुसं. दांडी पुढे ढकलली की रिकामं कवच बाहेर फेकलं जातं, मागे ओढली की नवं काडतूस आत. विंचेस्टर १८७३, विंचेस्टर १८९२, मार्लिन १८९४ ही त्यातली मोठी नावं.

अमेरिकेत या जुन्या हत्यारांवर एक खेळ उभा राहिला आहे. स्पर्धक एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिमेकडच्या माणसांसारखा पोशाख करतात, टोपणनाव घेतात, आणि जवळच ठेवलेल्या लोखंडी पाट्यांवर घड्याळाच्या काट्याशी शर्यत लावून गोळ्या झाडतात. दोन रिव्हॉल्व्हर, एक शॉटगन आणि एक लिव्हर रायफल. रायफलीत सहसा दहा गोळ्या. काडतूस पिस्तुलाचं, गोळी साध्या शिशाची. या खेळाची मोठी संघटना, सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात उभी राहिली. नातवंडं, आजी, बुटके, स्थूल असे सगळे तिथे खेळतात, त्यामुळे लहान अंगाच्या माणसाला कोणती रायफल द्यायची यावर या लोकांनी जितका खल केला आहे तितका क्वचितच कुणी केला असेल.

एक पाऊल मागे जाऊन ॲनी ओकलीला भेटू या. १८६० मध्ये ओहायोत जन्मलेली, पाच फूट उंचीची बाई. लहानपणी शिकार करून घर चालवलं, पुढे १८८५ पासून बफेलो बिलच्या तमाशात सतरा वर्षं नेमबाजीचे प्रयोग केले. तिच्या हातात मार्लिनची .२२ ची लिव्हर रायफल असे. तिच्या यशात ताकदीचा भाग थोडाच. तिची हत्यारं हलकी होती, तिच्या हातांना साजेशी.

लिव्हर रायफलीत लांब बटची शिक्षा दुप्पट असते. पालथ्या पडलेल्या कॅडेटला एका गोळीसाठी एकदाच हात ट्रिगरपर्यंत न्यायचा असतो. लिव्हरवाल्याला प्रत्येक गोळीनंतर उजवा हात ट्रिगरच्याही पुढे, खाली आणि पुढे अशा कमानीत ढकलावा लागतो. बट लांब असेल तर ट्रिगरजवळच हात जवळपास पूर्ण उघडलेला असतो, पुढे ढकलायला जागाच उरत नाही. मग माणूस नकळत खांदा पुढे नेतो, बट खांद्यातून सुटतो, नळीचं टोक खाली जातं आणि पुन्हा वर आणावं लागतं. दहा गोळ्यांत हे नऊ वेळा. सेकंद कुठे गेले ते शोधायला लांब जायला नको.

म्हणून तिथले जाणते पहिल्यांदा बट मोजतात. ट्रिगरपासून बटच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी नव्या रायफलींत साधारण तेरा इंचांच्या आसपास असते. पाच फुटांच्या बाईला बारा, कधी साडेअकरा लागते. बट सुताराकडून कापून घेणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय. गंमत अशी की नवे लोक यालाच सर्वांत जास्त घाबरतात. हजार डॉलरच्या रायफलीवर करवत चालवायची त्यांना भीती वाटते, पण महागडी नळी घ्यायला ते तयार असतात.

मग येतो तोल. विंचेस्टर १८७३ च्या नमुन्याची चोवीस इंची अष्टकोनी नळीची रायफल साडेतीन किलोच्या वर जाते. दिसायला देखणी, फोटोत तर राजबिंडी. पण तिच्यातलं जास्तीचं लोखंड सगळं पुढे असतं. खांद्यापासून सत्तर सेंटिमीटरवर असलेलं अर्धा किलो वजन आणि पंधरा सेंटिमीटरवरचं अर्धा किलो वजन, तराजूत दोन्ही सारखंच. पण खांद्याला आणि डाव्या हाताला पहिलं साडेचारपटींहून जास्त जड वाटतं. त्यात नळीखालच्या नळकांड्यात दहा काडतुसं भरली की .३८ स्पेशलची का असेना, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भर पडते, तीही पुढे. पहिल्या गोळीला टोक जड, दहाव्या गोळीला हलकं. मोठ्या अंगाच्या माणसाला हा बदल जाणवत नाही. बारीक मनगटाला जाणवतो. म्हणून वीस इंची किंवा एकोणीस इंची गोल नळीची आखूड रायफल, जिला कार्बाइन म्हणतात, ती बहुतेक लहान अंगाच्या नेमबाजांना बरी पडते.

धक्क्याची काळजी मात्र या खेळात जवळपास निरर्थक आहे. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला तीनशे मीटरच्या वेगाने जात असेल आणि रायफल तीन किलोची असेल तर मागे येणारा धक्का एक-दीड जूलच्या आसपास बसतो. थ्री नॉट थ्रीचा हिशेब याच पद्धतीने केला तर तो सोळा जूलच्या घरात जातो. दहापटीहून जास्त. म्हणजे ‘मुलीला धक्का झेपेल का’ हा प्रश्न .३८ च्या रायफलीबाबत विचारण्यात अर्थ नाही. धक्क्यापेक्षा त्रास देतो तो बटच्या मागचा चंद्रकोरी पत्रा. जुन्या रायफलींवर तो खोल कोरीचा असे, दंडाच्या बाहेरच्या बाजूला अडकवून मारण्यासाठी. आजच्यासारखा खांद्याच्या खोबणीत टेकवला तर त्याची दोन टोकं रुततात. कार्बाइनचा पत्रा त्या मानाने सपाट. लहान, हाडकुळ्या खांद्यासाठी हा फरक काडतुसापेक्षा मोठा.

आता तीन नमुन्यांतला निवाडा. १८९२ च्या नमुन्याची रायफल, जी ब्राझीलची रॉसी कंपनी बनवते, ती सर्वांत हलकी, कार्बाइन सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास. जॉन ब्राउनिंगची रचना, भक्कम. पण नवी आली की तिची दांडी अनेकदा कडक असते, घासूनपुसून मऊ करावी लागते. मार्लिन १८९४ मधली. कवचं बाजूने बाहेर फेकते, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. १८७३ ही तिघींत जड, पण तिच्या आतल्या कड्या गुडघ्यासारख्या दुमडतात आणि काडतूस आडवं, सरळ वर उचललं जातं, त्यामुळे दांडी लोण्यासारखी चालते. शिवाय तिच्या कड्या बदलून दांडीचा प्रवासच कमी करता येतो; दांडी अर्ध्या अंतरात काम संपवते. लहान हाताला हे वरदान. माझं मत विचाराल तर जड असूनही एकोणीस इंची १८७३, कड्या बदललेली, बट बारा इंचांवर कापलेला. हलकेपणाच्या मोहात १८९२ घेणाऱ्यांना मी अडवणार नाही, पण कडक दांडीशी झगडणारा बारीक हात मी पाहिला की मला त्या वजनाच्या बचतीची किंमत कळते. दांडीच्या कडीवर चामड्याची पट्टी गुंडाळायची तिथली सवयही चांगली. बोटांच्या मागच्या हाडांना लोखंड लागत नाही, आणि मोठ्या कडीतली रिकामी जागा भरून निघाल्यामुळे लहान हात आत खुळखुळत नाही.

हे सगळं वाचून जळगावातल्या कुणी लगेच चौकशीला निघू नये. आपल्याकडे लिव्हर रायफल हे जवळपास वारशातलंच हत्यार. एखाद्या जुन्या जमीनदाराच्या किंवा संस्थानिकाच्या परवान्यावर विंचेस्टर सापडते, पण परदेशातून ती मागवणं सामान्य माणसाला शक्य नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात. ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल मिळते, पण ती बोल्टची, आणि तिच्या काडतुसाचा धक्का लहान खांद्याला शिकायला योग्य नाही.

खेळायचं असेल तर हवाई रायफल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे तिची ऊर्जा २० जूलच्या आत आणि नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र मागतो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे दोन्ही प्रकार असतात, वयोगट १४, १७ आणि १९ खालचे. पुढची पायरी पुण्याच्या बालेवाडीची, किंवा मुंबईत वरळीच्या रेंजवर कॅप्टन इझेकिएल स्पर्धेची.

इथे पुन्हा तेच तीन प्रश्न, फक्त दांडीच्या जागी नळी दुमडणं आलं. स्वस्तातली ओपन साइट रायफल बहुतेक वेळा नळी मोडून स्प्रिंग दाबायची असते. त्याला दहा-पंधरा किलोचा जोर लागतो. बारा वर्षांची मुलगी तो जोर एकदा लावेल, पाच वेळा लावेल. चाळीस गोळ्यांच्या सरावात विसाव्या गोळीनंतर तिचा हात थरथरायला लागतो आणि ती जे शिकते ते नेमबाजी नसून थकलेल्या हाताने नेम धरण्याची सवय असते. हे मी नेमबाजीच्या शिकवणीतलं सर्वांत वाया जाणारे श्रम समजतो. शक्य असेल तर पालकांनी किंवा प्रशिक्षकांनी सुरुवातीला नळी मोडून द्यावी. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

हवेच्या सिलिंडरवाल्या रायफलीत हा त्रास नाही. दोनशे बारच्या दाबाची हवा, एक छोटी दांडी, गोळी सुटते साडेसात-आठ जूलने. धक्का नाही म्हटलं तरी चालेल. मात्र या रायफली साडेचार-पाच किलोच्या असतात. आंतरराष्ट्रीय नियमाची कमाल मर्यादा साडेपाच. आणि इथे पालक पुन्हा हबकतात: पावणेतीन किलोची .२२ झेपत नाही म्हणता, मग पाच किलोची ही कशी झेपेल?

ती झेपते, कारण उभं राहून दहा मीटरवर नेम धरताना वजन स्नायूंवर नसतं, हाडांवर असतं. कंबर पुढे ढकलायची, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, हाताचं हाड सरळ खाली. रायफलीचं वजन हातातून कमरेत, कमरेतून पायात उतरतं. उलट फार हलकी रायफल श्वासाबरोबर, नाडीबरोबर हलते. वजन तिला शांत ठेवतं. म्हणून चांगले नेमबाज रायफलीला मुद्दाम वजनं लावतात. पण हे जमायला कोपर कमरेवर पोचलं पाहिजे. ज्यांचं धड लांब आणि हात आखूड त्यांचं पोचत नाही. मग पुढच्या लाकडाखाली उंची वाढवावी लागते, गालाखालची पट्टी उचलावी लागते, मागचा हुक खाली आणावा लागतो. चांगल्या मॅच रायफलीत हे सगळं स्क्रूवर हलतं, आणि परदेशी कंपन्या लहान मुलांसाठी आखूड लाकडाच्या वेगळ्या आवृत्त्या काढतात. भारतीय प्रीसिहोल कंपनीच्या रायफली त्या मानाने परवडतात, पण त्यांचा बट किती सरकतो ते बघूनच त्या घ्याव्यात.

माप किती महत्त्वाचं याचा सर्वांत चांगला दाखला कोल्हापूरचा नेमबाज स्वप्निल कुसाळे याचा प्रकार देतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तीन अवस्थांत तीच रायफल. दोन अवस्थांच्या मधल्या वेळेत नेमबाज काय करतात ते नीट पाहिलंत का? मागचा पत्रा सरकवतात, गालपट्टी वरखाली करतात, पुढचा हाताचा थांबा हलवतात. माणूस तोच, हत्यार तेच, पण पालथ्या अवस्थेची लांबी उभ्या अवस्थेला चालत नाही. मग सहा फुटी माणसाचं माप पाच फुटांच्या मुलीला चालावं अशी अपेक्षा आपण कोणत्या हिशेबाने करतो?

प्रत्यक्ष निवडीच्या वेळी, दुकानात किंवा क्लबात, एक ढोबळ पद्धत सगळीकडे चालते: कोपर काटकोनात वाकवायचं, बट कोपराच्या वाकणात ठेवायचा, बोट ट्रिगरवर पोचतं का बघायचं. पोचलं तर माप बरं. पण हे फक्त पुढच्या हाताचं माप. मानेची लांबी, गालाची उंची, छातीची रुंदी यात येत नाही. शिंपी फक्त हाताचं माप घेऊन झगा शिवायला बसत नाही. त्यापेक्षा खात्रीची पद्धत अशी: मुलीला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, तिला जशी आरामात वाटेल तशी. मग डोळे उघडायला सांगा. पुढची-मागची साइट आपोआप एका रेषेत दिसत असेल आणि नाकाचं टोक उजव्या अंगठ्यापासून दोन बोटं मागे असेल तर बट तिचा आहे. डोळे उघडल्यावर मान पुढे न्यावी लागत असेल तर बट लांब. नाक अंगठ्यावर आदळत असेल तर आखूड. हे सगळं ती ज्या कपड्यांत खेळणार त्याच कपड्यांत करायचं, जॅकेट असेल तर जॅकेट घालून.

डोळ्याचीही तपासणी तेव्हाच उरकून घ्यावी. उजव्या हाताच्या मुलांपैकी काहींचा डावा डोळा जोरकस असतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या घड्याळाकडे बोट करायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने बोट घड्याळावरच राहतं तो जोरकस. तो डावा निघाला तर मुलीला डाव्या खांद्यावर शिकवणं जास्त सोपं जातं, विशेषतः सुरुवातीला. मग डाव्या हाताचा बट शोधावा लागतो, आणि तो खानदेशात सहज मिळत नाही.

लाकडाचा बट कापायची वेळ आली तर एकदम एक इंच कापू नका. अर्धा इंच, मग महिनाभर सराव, मग पुन्हा डोळे मिटून तपासणी. कापलेला तुकडा सुताराकडून दोन भोकं पाडून जपून ठेवा. अकरा-बाराव्या वर्षी मुली भराभर वाढतात, आणि तेव्हा तोच तुकडा लांब स्क्रूने परत बसवावा लागतो.